टाकीत मासे किती झाले, हे पहाटे कळतं

जळगाव-भुसावळकडे खाऱ्या पाण्यात प्रवाळ ठेवू पाहणारा हौशी माणूस आधी विचारतो तो आकडा: मासे किती सोडू? गोड्या पाण्यासाठी ‘इतक्या लिटरला एक मासा’ असे हिशेब सांगितले जातात. इथे त्यांच्यावर विसंबू नका.

मासा लांबीला दुप्पट झाला की वजनाला साधारण आठपट होतो. दुकानातून 5 सेंटिमीटरचा आणलेला ब्लू टँग पूर्ण वाढल्यावर 30 सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणजे वजन दोनशेपटीच्या वर. त्याचं खाणं, विष्ठा, ऑक्सिजनची गरज, सगळंच वाढतं. हिशेब धरायचा तो या मोठ्या माशाचा.

घाणीचं गणित त्यातल्या त्यात सोपं. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. खडकांवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. स्थिरावलेल्या टाकीत टेस्ट किटवर अमोनिया शून्यच दिसायला हवा. नायट्रेट आठवड्यागणिक चढतच असेल, तर घातलेलं खाणं टाकीला पेलवत नाही.

ऑक्सिजनकडे मात्र फार कमी जण बघतात, आणि खानदेशात खरी अडचण तिथेच आहे. 25 अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात 6.7च्या आसपास. चार फुटी, दीड फूट रुंद-उंच टाकीत खडक-वाळू वजा जाता पाणी राहतं अंदाजे 200 लिटर. म्हणजे अख्ख्या टाकीत दीड ग्रॅमसुद्धा ऑक्सिजन नाही! पाणी तापलं की तोही घटतो आणि माशांची गरज उलट वाढते. दिवसा प्रवाळांच्या शरीरातली सूक्ष्म शेवाळं ऑक्सिजन तयार करतात. दिवे मालवले की तीसुद्धा तो वापरूच लागतात. म्हणून दिवे लागण्याआधी, पहाटे बघा. मासे वर येऊन भराभर कल्ले हलवत असतील, तर आधी ऑक्सिजन कमी पडल्याचा संशय घ्यावा, मासे चारच का असेनात.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45च्या वर जातो. हवा कोरडी असल्यामुळे पाण्यावर पंखा सोडला तरी टाकी बऱ्यापैकी थंड राहते. मात्र वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ मागेच राहतं. भर घालायची ती आरओच्या पाण्याची, बोअरच्या नव्हे. वीज गेली की पंखा, पंप, स्किमर (फेसासोबत पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) एकदम थांबतात. म्हणून नवा मासा घेण्याआधी बॅटरीवरचा एअर पंप घ्या, असं मी आग्रहाने सांगतो. हिवाळ्यात ठीक वाटणारी टाकी मे महिन्यातल्या अशा रात्री कमी पडू शकते.