एक्झिक्युटिव्ह कोचिंग

वरिष्ठ अधिकारी किंवा व्यवस्थापक आणि प्रशिक्षित कोच यांच्यात ठरावीक मुदतीपुरता चालणारा, दोघांपुरता संवाद. आपल्या वागण्याचा हाताखालच्या आणि बरोबरच्या माणसांवर काय परिणाम होतो हे अधिकाऱ्याने स्वतः पाहावे आणि त्यात ठरवून बदल करावा, हा त्यामागचा हेतू. महाराष्ट्रात ‘कोचिंग’ म्हटले की बारावीचे नाहीतर प्रवेश परीक्षांचे क्लास आठवतात. इथे मात्र कोच धडे देत नाही, सल्लाही क्वचितच देतो. तो विचारतो, ऐकतो आणि मागच्या भेटीत दिलेल्या शब्दाचे काय झाले, हे न विसरता पुन्हा विचारतो.

हा शब्द मूळचा हंगेरीतील कोच गावचा. तिथे बनणाऱ्या घोडागाडीला गावाचे नाव पडले. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेच्या पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला ‘कोच’ म्हणू लागले, आणि पुढे शब्द खेळाच्या मैदानावर गेला. मैदानावरून तो कचेरीत आणण्यात अमेरिकेतील टेनिस प्रशिक्षक टिमोथी गॅलवे यांचा मोठा वाटा आहे. सूचनांचा मारा करण्यापेक्षा खेळाडूला चेंडूकडे नीट बघायला लावले की तो आपोआप सुधारतो, हे त्यांनी १९७४ मध्ये मांडले. ब्रिटनमध्ये एकेकाळचे मोटार शर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी तोच विचार उद्योगजगतात रुजवला. ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निश्चय ही त्यांनी लोकप्रिय केलेली चौकट आजही अनेक कोच वापरतात.

कर्तबगार माणसे वरच्या जागेवर गेल्यावर का अडखळतात, याचा महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतील सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेत झाला. मॉर्गन मॅकॉल आणि मायकेल लोंबार्डो यांनी १९८३ मध्ये शिखरापर्यंत पोहोचलेले अधिकारी आणि मध्येच रुळांवरून घसरलेले अधिकारी यांची तुलना केली. हुशारी दोन्हीकडे होती आणि चुकाही दोघांनी केल्या होत्या. घसरलेल्यांत सर्वाधिक आढळलेला दोष होता माणसांशी तुसडेपणाने, धाकाने वागण्याचा. आणखी एक फरक मला त्याहून बोलका वाटतो. चूक झाल्यावर पोहोचलेल्यांनी ती कबूल केली आणि सहकाऱ्यांना वेळीच सावध केले. घसरलेल्यांनी ती झाकली किंवा दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडले. आत्मभान आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे यातून दिसते. स्वतःचे वागणे ज्याला दिसतच नाही, तो त्याबद्दल जबाब तरी काय देणार?

चाकणच्या एखाद्या कारखान्यातला उत्पादनप्रमुख डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेआठची बैठक. शिफ्ट इनचार्ज सांगू लागतो, “सर, रात्री तीन नंबरच्या मशीनवर...” साहेब तोडतात, “कारणं नकोत, आकडा सांग.” आकडा सांगितला जातो, कारण पोटातच राहते. पंधरा दिवसांनी तेच मशीन पुन्हा बंद पडते, आणि साहेबांना अगदी मनापासून वाटते की आपल्याला कोणी काही सांगतच नाही. आता त्या बैठकीत कोच कोपऱ्यात बसतो आणि कोणाचे वाक्य कुठे तुटले एवढेच टिपतो. नंतर केबिनमध्ये तो कागद पुढे सरकवतो: चाळीस मिनिटांत अकरा वेळा. साहेब म्हणतात, वेळच कमी असतो. कोच वाद घालत नाही. “तीन नंबरच्या मशीनचं त्याला काय सांगायचं होतं?” एवढेच विचारतो. साहेबांना ते ठाऊक नसते. काम इथून सुरू होते.

प्रत्यक्षात हे काम साधारण सहा महिने ते वर्षभर चालते. सुरुवातीला अधिकारी, त्याचा वरिष्ठ आणि कोच मिळून उद्दिष्टे ठरवतात. उद्दिष्टे कंपनीला माहीत असतात, भेटींतले बोलणे मात्र दोघांतच राहते. ही गुप्तता पाळली गेली नाही तर सगळे व्यर्थ आहे, कारण ज्या साहेबाला आपली कबुली वरपर्यंत जाईल अशी भीती वाटते तो कबुली देतच नाही. मग ‘थ्री-सिक्स्टी’ अभिप्राय घेतात: वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे लोक नाव न उघडता मत देतात. हा अहवाल नुसता हातात ठेवून चालत नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरील जुन्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी खालावलेली आढळली. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या मानापमानावर गेले की असे होते, हा त्यांचा निष्कर्ष. त्यामुळे अहवाल वाचताना साहेब ‘हे कोणी लिहिलं असेल?’ इथे अडकतो तेव्हा त्याला ‘असं वाटायला माझं काय वागणं कारण झालं?’ इथपर्यंत आणणे, यातच कोचचे खरे कसब आहे.

मराठीतल्या ‘जबाबदारी’ या शब्दातच जबाब आहे. तो कोणापुढे द्यायचा, याचे उत्तर मार्शल गोल्डस्मिथ या अमेरिकी कोचने नेमके दिले आहे: कोचपुढे नाही, रोजच्या माणसांपुढे. त्यांच्या पद्धतीत अधिकारी एकदोनच सवयी निवडतो, सहकाऱ्यांना उघडपणे सांगतो की मी हे बदलतो आहे, झाल्या गोष्टींची माफी मागतो, पुढे काय करावे याच्या सूचना मागतो आणि ठरावीक काळाने जाऊन विचारतो, ‘काही फरक वाटतो का?’ आपल्या कारखान्यातल्या साहेबाने साडेआठच्या बैठकीत “मी मध्ये बोललो तर हात वर करा” म्हणणे सोपे नाही, आणि पहिला हात वर व्हायला बरेच आठवडे लागू शकतात. पण तो हात वर झाला आणि साहेब गप्प बसले, की मशीनचे कारणही बाहेर येते.

भारतात या विचाराची एक मुळी मुंबईत सापडते. उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अहमदाबादच्या आयआयएममधील प्राध्यापकांच्या शिफारशींवरून लार्सन अँड टुब्रोने १९७५ मध्ये स्वतंत्र मनुष्यबळ विकास विभाग सुरू केला. वरिष्ठाने वर्षाअखेरीस गुण देऊन मोकळे न होता समोर बसून बोलावे, यावर त्यांचा भर होता. बाहेरचा कोच नेमण्याची प्रथा नंतरची, पण समोरासमोर बसण्याचे महत्त्व त्या काळातच ओळखले गेले होते.

परिणाम किती? जेम्स स्मिदर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,३६१ वरिष्ठ व्यवस्थापकांची माहिती होती. कोचबरोबर काम केलेल्यांनी अधिक नेमकी ध्येये ठरवली, वरिष्ठांकडे सुधारणेसाठी सूचना अधिक मागितल्या आणि त्यांच्याबद्दलचे मतही इतरांपेक्षा जास्त सुधारले. फरक मात्र लहान होता, आणि चमत्काराची हमी देणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. कोच होण्यासाठी कायद्याने परवाना लागत नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन (आयसीएफ) ही कोचची आंतरराष्ट्रीय संस्था प्रमाणपत्रे देते, पण ती ऐच्छिक आहेत. खोल मानसिक त्रास ‘वागण्याची सवय’ समजून हाताळला तर कोच इजाच करतो, असा इशारा मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्गलास यांनी २००२ मध्ये दिला होता. कधी दोष माणसात नसून अशक्य उद्दिष्टांत किंवा अपुऱ्या मनुष्यबळात असतो, आणि तिथे कोच नेमणे म्हणजे त्या माणसावर अन्यायच. एखाद्याला काढून टाकायचे आधीच ठरलेले असते आणि ‘संधी दिली होती’ एवढे कागदावर यावे म्हणूनही कोच बोलावतात. कंपनीने मनातून मोडीत काढलेल्या माणसाला कोचिंग देण्यात अर्थ नाही, असे गोल्डस्मिथ यांनी स्पष्ट लिहिले आहे. म्हणूनच काम घेण्यापूर्वी वरिष्ठाला एक प्रश्न विचारून घ्यावा: हा माणूस खरोखर बदलला, तर तुम्ही ते मान्य कराल का?