हळवं मूल आणि छळलं जाणारं मूल

‘शाळेत थोडंफार चालायचंच. एवढं मनाला लावून घेतलंस तर पुढे जगात कसा टिकशील?’ मूल रडवेलं होऊन घरी आलं की कुणीतरी हे म्हणतंच. त्यात तथ्य आहे. खेळात आऊट दिलं, मैत्रिणीने कट्टी घेतली, एवढ्यावरून काही मुलांचे डोळे भरून येतात. दर वेळी आईबाबांनीच शाळा गाठली, तर स्वतःचं भांडण स्वतः मिटवायला ते मूल शिकणार कधी? पण हेच वाक्य छळ सोसणाऱ्या मुलाच्याही वाट्याला येतं, आणि मग ते घरी सांगायचंच बंद करतं.

घोटाळा होतो, कारण दोन्हीकडे रडणं सारखंच दिसतं. म्हणून मुलाच्या अश्रूंपेक्षा समोरच्यांच्या वागण्याकडे बघावं. डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम त्रास देणं, तो पुन्हापुन्हा देणं आणि दोन्ही बाजूंचं बळ असमान असणं. नॉर्वेत १९८२च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे सोबत्यांचा छळ असावा, असं समोर आलं आणि १९८३मध्ये तिथल्या सरकारने देशभर मोहीम उघडली. तोवर तिथेही ‘मुलं म्हटली की चालायचंच’ असंच मानणारे होते.

डब्याचंच घ्या. मधल्या सुट्टीत एकाने ‘आज परत भेंडी?’ म्हणून खिजवलं, याने ‘तुझी तरी कुठे पुरणपोळी आहे!’ म्हणून परतवलं, दोघं हसले. ही झाली चेष्टा. आता दुसरा वर्ग. डबा उघडला की चौघंजण नाक धरतात, बाक सरकवतात, ‘याच्याशेजारी बसू नका’ म्हणतात. उद्याही तेच, परवाही तेच. हा ‘नको ना’ म्हणाला की त्यांना आणखी चेव येतो. काही दिवसांनी डबा न उघडताच घरी येतो आणि आई विचारते, ‘भाजी आवडली नाही का?’ यात कुणी हातही उचललेला नाही. पण वाळीत टाकणं हाही छळच, आणि जातीवरून, रंगावरून, जाडेपणावरून किंवा बोलीवरून होणारा त्रास बहुधा असाच हळूहळू मुरत जातो.

शिवाय मूल हळवं आहे आणि त्याचा छळही होतोय, असं एकाच वेळी असू शकतं. किंबहुना पटकन रडणारं मूलच त्रास देणाऱ्यांना सोपं सावज वाटतं. ‘ती आहेच रडूबाई’ म्हणून विषय संपवला, की त्यांचं फावतं.

जगाचे टक्केटोणपे खाऊन माणूस घडतो, हे मलाही मान्य आहे. पण मोठ्यांच्या जगात नोकरी सोडता येते, वरिष्ठांकडे तक्रार करता येते. सहावीतल्या मुलाला ना वर्ग बदलता येतो, ना शाळेची व्हॅन. कॉलेजातल्या मोठ्या मुलांसाठीसुद्धा महाराष्ट्राने १९९९मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. मग दहा वर्षांच्या पोराने निमूट सोसावं, अशी अपेक्षा कशी धरायची?

हळव्या मुलाला घरी तयार करता येतं. उत्तर कसं द्यायचं, कुठे दुर्लक्ष करायचं, हरल्यावर पुन्हा खेळायला कसं जायचं, याचा चक्क सराव घ्यावा. छळ होत असेल तर मात्र ‘तूही दोन ठेवून दे’ हा सल्ला चालत नाही, कारण समोर चौघं असतात. तिथे मोठ्यांनीच मध्ये पडायला हवं. नेमकं काय ते कळत नसेल, तर ‘कुणी मारलं का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘सुट्टीत कुणाबरोबर होतास? तू थांब म्हणालास तेव्हा ते थांबले का?’ असं विचारा. तारीख, जागा, कोण होतं आणि काय बोललं गेलं, हे लिहून ठेवा. ते घेऊन आधी वर्गशिक्षिकांना भेटा, दाद लागली नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. मुलांसाठी १०९८ हा मोफत हेल्पलाइन क्रमांकही आहे. तो मुलालाही पाठ असू द्या.