सही केली नाही म्हणून रान मोकळं?

‘नोकरी सोडलीस तर दोन वर्षं याच धंद्यात पाऊल टाकायचं नाही,’ हे वाक्य ऐकून कितीतरी कुशल माणसं घरी बसतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण आपला कायदा तसं म्हणत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कुणालाही व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. म्हणजे अशा अटीच्या करारावर सही केली असली, तरी नोकरी संपल्यावर ती अट सहसा टिकत नाही. मग सहीच नसेल तर प्रश्नच मिटला.

पण नोकरीची ठरलेली मुदत चालू असताना गोष्ट वेगळी. सेंचुरी स्पिनिंग या कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यातला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या मुदतीपुरती त्याला दुसरीकडे तसंच काम करण्याची मनाई कायम ठेवली.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: सही नाही, तर ग्राहकांची यादीही आपलीच. नाही! हाताला आलेलं कसब तुमचं. मालकाच्या संगणकातून उतरवून घेतलेली यादी, दरपत्रकं, गुप्त कृती त्याची. ती नेलीत, तर सही नसतानाही कोर्ट मनाई हुकूम देऊ शकतं.