पड जमीन आणि कागदाची लढाई

आपल्या रश्शातल्या बटाट्याचं माहेर तितिकाका सरोवराच्या आसपास. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटरवरच्या बोलिव्हियाच्या पठारावर ऐन हंगामात एका रात्रीत दव गोठून हिम पडतं आणि हिरवं शेत सकाळी काळं दिसतं. तिथल्या आयमारा लोकांच्या गावकीला आयलू म्हणतात. आयलूच्या शिवाराचे मोठाले भाग असतात, ते आयनोका. एका वर्षी सगळं गाव एकाच आयनोकात बटाटा लावतं, प्रत्येक घराची पट्टी त्यात ठरलेली. पुढे किनोआ, मग सातू, आणि त्यानंतर ते रान कित्येक वर्षं पड. त्यात लामा (उंटाच्या कुळातला तिथला पाळीव प्राणी) आणि मेंढ्या चरतात, लेंडीखत आपोआप पडतं.

एवढी वर्षं पड कशाला? बटाट्याच्या मुळांवर एक सूत्रकृमी जगतो. मादी मेली की तिचं शरीरच टणक पुटी होतं आणि आत शेकडो अंडी जपतं. बटाट्याच्या मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांची चाहूल लागली की अंडी उबतात; तोवर वर्षानुवर्षं मातीत वाट पाहतात. पीक जितकं उशिरा परतेल तितकी जिवंत अंडी कमी. पण एकुलता एक तुकडा असलेला शेतकरी तो इतकी वर्षं पड ठेवून खाणार काय? बेवड, म्हणजे पिकांची फेरपालट, सांभाळायला शिवार सामाईक लागतं. शिवाय थंड हवा जड, ती खोलगटात साचते. घराच्या पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणी असल्या तर एका हिमाने सगळं जात नाही.

उदारमतवादी राज्यकर्त्यांना यात फक्त रिकामी जमीन दिसली. १८६६ मध्ये बोलिव्हियाचा राष्ट्राध्यक्ष मारियानो मेल्गारेहोने फर्मान काढलं: साठ दिवसांत पैसे भरून आपल्याच जमिनीचा दाखला घ्या, नाहीतर लिलाव. उठाव झाले, माणसं मारली गेली. १८७१ मध्ये त्याची सत्ता गेली, त्यात आयमारांचा मोठा वाटा होता. तरी १८७४ च्या कायद्याने आयलूची कायदेशीर ओळखच पुसली आणि जमीन माणशी वाटायची ठरवली. तुकडे सुटे झाले की विकत घेणं सोपं. मोठ्या जमीनदारांनी तेच केलं. मला हा कायदा निव्वळ अन्याय वाटत नाही, तो शेतीचं अज्ञानही वाटतो.

मग लढाई कागदावर आली. १८८३ मध्ये सरकारला मान्य करावं लागलं की स्पॅनिश राजवटीत पैसे मोजून घेतलेली जमीन या वाटपासाठीच्या मोजणीतून वगळायची. आयलूंनी आपले मुखत्यार नेमले आणि ते दफ्तरखान्यांतून शतकं जुने दाखले शोधत फिरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांतोस मार्का तुला या आयमारा मुखत्यारांनी हेच काम आयुष्यभर केलं, तुरुंगवासही सोसला. सामाईक मालकी मान्य करणारा कायदा १९९६ मध्ये आला.

आज लोकसंख्या वाढली, बाजार जवळ आला, तशी पुष्कळ गावांत पडीची वर्षं घटली आहेत. पुटीतली अंडी मात्र अजून तेवढीच चिवट आहेत.