रस्ता चांगला दिसतो, तेव्हाच त्याच्यावर खर्च का करावा?

पावसाळा लागला की छोट्या शहरांत खड्ड्यांवरून ओरड सुरू होते आणि नगरपरिषदेने सर्वांत खराब रस्ता आधी हाती घ्यावा, ही मागणी सगळ्यांनाच रास्त वाटते. डांबरी रस्ता कसा मरतो हे समजून घेतले, तर हा क्रम सर्वांत महागात पडणारा आहे, हे लक्षात येते.

रस्त्याला त्रास होतो तो मुख्यतः अवजड वाहनांचा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून झीज मोजली गेली. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याचे नुकसान वाहनाच्या आसावरील (दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्यावरील) भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर नुकसान सोळापट. मोटारीच्या एका आसावर अर्धा टन आणि ट्रकच्या आसावर आठ टन भार धरला, तर ट्रकचा तो एक आस मोटारीच्या 65,536 आसांइतके नुकसान करतो. म्हणूनच उसाच्या गाड्या जातात तो रस्ता आणि वसाहतीतली गल्ली यांना प्रभागनिहाय सारखा निधी वाटणे शास्त्राला धरून नाही.

खरा घात मात्र पाणी करते. उन्हाने आणि हवेतील ऑक्सिजनने डांबर वर्षागणिक कडक होत जाते, त्याची लवचीकता कमी होते आणि केसाएवढ्या भेगा पडतात. पाणी या भेगांतून आत शिरते. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे वरून चाक गेले की आत अडकलेल्या पाण्याचा दाब क्षणात वाढतो आणि ते खडीमधील बारीक कच व माती घेऊन वर उसळते. पाऊस उघडल्यावर भेगेच्या कडेला सुकलेल्या गाळाची मातकट रेघ दिसते, ती म्हणजे रस्त्याच्या पोटातून बाहेर आलेला भराव. शिवाय दगडाच्या पृष्ठभागाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते, त्यामुळे पाणी खडीवरचे डांबराचे आवरण हळूहळू सोडवते. प्रयोगशाळेत डांबर लावलेली खडी 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 24 तास ठेवून हे तपासतात. मराठवाड्यासारख्या काळ्या मातीच्या भागात आणखी एक अडचण आहे. ही माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर हलतो.

दरवर्षी एकाच वळणावर खड्डा पडतो, म्हणून 'जागाच वाईट आहे' असे मानून तिथे नारळ फोडणारे लोक आहेत. तिथे गळकी जलवाहिनी, तुंबलेले गटार किंवा नळजोडणीसाठी खोदून नीट न दाबलेला चर आहे का, हे आधी पाहावे. प्लास्टिकमिश्रित डांबराचेही तसेच आहे. ते खडीची पकड सुधारते, पण निचऱ्याचे काम करू शकत नाही.

या ऱ्हासाचा वेग सारखा नसतो. पहिली काही वर्षे रस्ता फारसा बदललेला दिसत नाही. पाया भिजू लागला की दोन-तीन पावसाळ्यांत कोसळतो. भेगा असतानाच डांबर भरून वर सीलकोट (डांबर व बारीक खडीचा पातळ थर) दिला, साइडपट्टीला उतार दिला आणि गटार मोकळे केले, तर खर्च तेवढ्यावरच भागतो. पाया गेल्यावर मुरमापासून सगळे पुन्हा करावे लागते. अडचण हिशेबाच्या रचनेतही आहे. नवा रस्ता भांडवली खर्चात बसतो आणि त्याला शासनाचे अनुदान मिळू शकते; भेगा भरणे महसुली खर्चात येते आणि बहुधा घरपट्टीसारख्या स्वतःच्या उत्पन्नातून भागवावे लागते. त्यामुळे ही तरतूद सर्वांत आधी कापली जाते.

त्यासाठी अंदाजपत्रकात मोजकी रक्कम केवळ सुस्थितीतील रस्त्यांसाठी राखून ठेवावी आणि ती रस्त्याचे वय, अवजड वाहतूक आणि निचरा पाहून वाटावी. वेळेचे गणितही तितकेच महत्त्वाचे आहे. 1 एप्रिलनंतर निविदा काढल्या, तर कार्यादेश निघेपर्यंत जून उजाडतो आणि ओल्या भेगेत डांबर धरत नाही. वार्षिक दर करार, म्हणजे वर्षभराच्या कामांचे दर आधीच ठरवणारा करार, फेब्रुवारीतच झालेला असेल, तर भेगा कोरड्या असतानाच, एप्रिल-मेमध्ये, त्या भरून होतात.