छंदाचे चर्मकाम

पाकीट, कार्डांची घडी, किल्ल्यांचा पट्टा, चष्म्याचे घर, वहीचे वेष्टण, घड्याळाचा पट्टा अशा लहान चामडी वस्तू शिलाई यंत्राशिवाय, घरच्या टेबलावर आणि मुख्यतः आवडीखातर बनवणे म्हणजे छंदाचे चर्मकाम. याला जागा थोडी पुरते आणि सुरुवातीची हत्यारे बुटाच्या खोक्यात मावतात. चपला-बूट यात सहसा धरत नाहीत. त्यांना पायाचा फरमा लागतो आणि ती स्वतंत्र विद्या आहे.

कारागिरी प्राचीन असली तरी तिचा छंद होणे ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे. अमेरिकेत टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे १९१९ मध्ये हिंकली आणि टँडी या दोघांनी बूट दुरुस्तीचे सामान विकणारी कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना रुग्णालयात हातांचा व्यायाम आणि मनाला विरंगुळा म्हणून चामड्याचे काम दिले जाई. टँडी यांचा मुलगा चार्ल्स तेव्हा नौदलात होता. त्याने हे पाहिले आणि युद्धानंतर कंपनी हौशी लोकांसाठी चामडे, हत्यारे व तयार संच विकू लागली. घरात बसून पाकीट शिवण्याचा छंद सर्वदूर पसरला त्यात या संचांचा वाटा मोठा आहे.

भारतात हौसेने चामड्याला हात लावणे इतके सोपे नव्हते. महाराष्ट्रात कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि त्यातून वस्तू घडवण्याचे काम चर्मकार समाजाकडे होते. दोघांनाही अस्पृश्य ठरवून गावाने त्यांच्या वस्तू वापरल्या आणि त्यांचा स्पर्श नाकारला. म्हणून इथे या छंदाची सुरुवात सांगताना ज्यांनी जातीची रेघ ओलांडून हे काम हाती घेतले त्यांची नावे येतात. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत सँडल बनवायला शिकले. त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख यांनी ती कला ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती संन्याशांच्या मठात शिकून १९१० मध्ये सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर आणली होती. गांधीजींनी स्वतः केलेला एक जोड तिथले सत्ताधारी नेते जनरल स्मट्स यांना दिला आणि स्मट्स यांनी तो १९३९ मध्ये आदराने परत पाठवला. वर्ध्याजवळ नालवाडी येथे १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. तिथे मेलेल्या जनावरांचेच कातडे कमावत. बंगालमध्ये १९२२ मध्ये स्थापन झालेल्या श्रीनिकेतनात रवींद्रनाथांचे पुत्र रथींद्रनाथ व सून प्रतिमादेवी ठाकूर यांनी चर्मकला रुजवली. बाटिकच्या रंगातल्या शांतिनिकेतनी बटव्यांची परंपरा तिथलीच. आज शहरातला हौशी माणूस व्हिडिओ पाहून पाकीट शिवतो. त्याच्या हातातली रापी (चामडे कापायची-तासायची सुरी) आणि आरी (भोक पाडायचे टोकदार हत्यार) मात्र पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्यांची आहे, आणि जवळपास असा कारागीर असेल तर त्याच्याशेजारी एक दुपार बसून मिळते ते ज्ञान कुठल्याही व्हिडिओत नाही.

चामड्याची निवड

निम्मे यश चामडे विकत घेतानाच ठरते. बाजारातले बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले. क्रोम चामडे मऊ असते, पाण्याला टिकते आणि हवा तो रंग घेते. पण त्याची कड घासून चकाकत नाही आणि त्यावर ठसा नीट उमटत नाही. म्हणून हाताने काम करणारे लोक वनस्पतींच्या साली-फळांतल्या टॅनिन या तुरट द्रव्यात कमावलेले चामडे पसंत करतात. कापलेल्या कडेकडे पाहिले तर फरक पुष्कळदा कळतो: क्रोम चामड्याचा गाभा निळसर-राखाडी दिसू शकतो, सालीत कमावलेल्याचा आरपार तांबूस. पाण्याचा थेंब टाकला तर रंग न चढवलेले असे चामडे तो पटकन शोषून गडद होते.

हे टॅनिन आपल्याकडे बाभळीच्या सालीतून आणि हिरड्यातून येते. कोल्हापुरी चपलांचे चामडे असेच कमावतात. जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात साल आणि हिरड्याचे पाणी भरून ती टांगून ठेवत, म्हणजे पाणी आतून बाहेर झिरपताना कातडे कमावले जाई. तमिळनाडूत यासाठी तरवडाची साल वापरली जात असे, पुढे वॅटल या बाभळीच्या जातीतल्या झाडाची आली. महाराष्ट्रात २०१५ च्या कायदादुरुस्तीने गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे इथल्या बाजारात म्हशीचे आणि शेळीचे चामडे अधिक दिसते. म्हशीचे चामडे जाड आणि ठळक दाण्याचे असते, पट्ट्याला उत्तम. शेळीचे पातळ पण चिवट, म्हणून पाकिटाच्या आतल्या कप्प्यांना आणि अस्तराला योग्य.

चामडे चौरस फुटावर विकले जाते आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. पाकिटाला १ ते १.५ मिमी, कमरेच्या पट्ट्याला ३.५ ते ४ मिमी जाडी लागते. अमेरिकी नमुन्यांत जाडी औंसांत लिहिलेली असते, एक औंस म्हणजे सुमारे ०.४ मिमी. एकाच कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीचा भाग घट्ट आणि एकसंध असतो, पोटाचा ढिला असतो आणि ताणतो. पोटाकडचे स्वस्त तुकडे घेऊन केलेल्या पाकिटाचे कप्पे काही महिन्यांत लोंबू लागतात. ‘जेन्युइन लेदर’ एवढाच छाप पाहून तर काहीच घेऊ नये. त्यातून फक्त चामडे खरे असल्याचे कळते, प्रत नाही. ‘बाँडेड लेदर’ हा चामड्याचा भुगा पॉलियुरेथेनसारख्या बंधकाने चिकटवून केलेला पत्रा असतो आणि तो वापरात सोलपटतो.

मापे

बँकेचे कार्ड जगभर ८५.६ × ५३.९८ मिमी असते, म्हणून कार्डाच्या कप्प्याचा नमुना कुठलाही चालतो. नोटांचे तसे नाही. सध्याची ५०० रुपयांची नोट १५० × ६६ मिमी आहे. २०१६ पूर्वीच्या मालिकेतली १०० ची नोट १५७ × ७३ मिमी आहे आणि ती अजून चलनात आहे. डॉलरची नोट सुमारे १५६ × ६६ मिमी असल्यामुळे अमेरिकी नमुन्यावरून शिवलेल्या पाकिटात ५०० ची नोट बसते, जुनी शंभराची वर डोकावते. जाड पुठ्ठ्यावर नमुना कापून त्यात खरी नोट आणि खरे कार्ड ठेवून पाहणे, मग चामड्याला हात लावणे, हाच शहाणपणाचा क्रम.

शिवण

या कामाचा कणा म्हणजे दोन सुयांचा टाका. घोड्याच्या खोगिराची शिवण पूर्वापार याच टाक्याने होत आली आहे. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन धागे चामड्याच्या पोटात एकमेकांत अडकतात. त्यातला एक तुटला की शिवण उसवत जाते. हाताच्या टाक्यात धागा एकच, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार होतात. एक टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धागा शिवण धरून ठेवतो. वर्षानुवर्षे खिशात घासल्या जाणाऱ्या पाकिटाला याच गुणाची गरज असते.

कर्कटकाने कडेपासून साधारण ३ मिमी आत रेघ ओढतात. रेघेवर दातेरी छिन्नी ठेवून मोगरीने ठोकतात. दातांमधले अंतर ३ ते ४ मिमी असते आणि पुढच्या ठोक्याला शेवटचा दात आधीच्या भोकात बसवला की ओळ सरळ राहते. दाते तिरके असल्यामुळे भोकेही तिरकी चिरल्यासारखी पडतात, आणि हाताच्या शिवणीला तो सुंदर तिरपा कल येतो. धागा मेण लावलेला, तागासारख्या जवसाच्या सुताचा किंवा पॉलिएस्टरचा, ०.६ मिमीच्या आसपास, आणि शिवणीच्या लांबीच्या सुमारे चौपट. सुया बोथट घेतात, कारण भोक आधीच पडलेले असते आणि टोकदार सुई समोरचा धागा फाडते. काम गुडघ्यांत धरलेल्या लाकडी चिमट्यात पकडले म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. एकच नियम शेवटपर्यंत पाळायचा: आधी कोणती सुई घालायची आणि दुसरी तिच्या वरून घालायची की खालून, हा क्रम बदलायचा नाही, आणि दोन्ही धागे सारख्याच जोराने ओढायचे. क्रम एका ठिकाणी चुकला तरी तिथला टाका सरळ पडतो आणि तो लांबूनही दिसतो. शेवटी दोन-तीन टाके उलट घेऊन पॉलिएस्टरचे टोक किंचित वितळवतात.

घडी येते तिथे आणि अनेक थर एकावर एक येतात तिथे चामडे रापीने आतल्या बाजूने तासून पातळ करतात. रापीला धार हवी. बोथट रापी चामडे ओढते आणि मग हात घसरतो. थर चिकटवायला चपला दुरुस्त करणारे वापरतात ते रबरी सोल्युशन चालते. दोन्ही बाजूंना लावून ते जरा सुकू द्यायचे आणि मग दाबायचे.

कड

नवख्याचे आणि मुरलेल्याचे काम वेगळे ओळखायचे असेल तर कड पाहावी. शिवण झाल्यावर सगळे थर एका रेषेत घासून घेतात, कोपरे मारतात, बारीक पॉलिश कागद फिरवतात. मग कड किंचित ओली करून किंवा कतिरा डिंकाचे पाणी लावून खाचेच्या लाकडी दांड्याने जोरात घासतात. घर्षणाच्या उष्णतेने तंतू दबून एकजीव होतात आणि थरांमधल्या रेघा दिसेनाशा होतात. वरून मधमाश्यांचे मेण. हे काम कंटाळवाणे वाटते, पण इथे घाई करणाऱ्याचे पाकीट महिनाभरात कडेला फुलते.

जपणूक

सालीत कमावलेले चामडे ऊन, हात आणि तेल लागून हळूहळू गडद होते. ती झळाळी हाच त्याचा मोठा गुण. ओले असताना त्याला लोखंड लागू द्यायचे नाही. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा-निळा डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. काही कारागीर याच गुणाचा उपयोग करतात: व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस मुरवून ते पाणी लावले की चामडे रंगाशिवाय काळे होते. हिरडा आणि लोखंडापासून शाई होते तीही याच क्रियेने.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी हा मोठा शत्रू आहे. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद न करता सुती कापडात गुंडाळून हवेशीर कपाटात ठेवतात. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसून वस्तू सावलीत वाऱ्यावर ठेवायची. कडक उन्हात ठेवली तर चामडे ताठरते आणि घडीवर तडकते.