मोटर सुरू, कम्प्युटर बंद

घरचा कम्प्युटर दिवसातून चारदा आपोआप बंद पडू लागला की दुकानात ठरलेलं निदान मिळतं: व्हायरस आहे, विंडोज नवीन मारावं लागेल. पैसे जातात, कधी पोरांचे फोटोही जातात, आणि चौथ्या दिवशी कम्प्युटर पुन्हा बंद. व्हायरसवर आळ घेण्याआधी तो बंद कसा पडतो ते बघा. निळा पडदा येत असेल तर रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्क. खटका पाडल्यासारखा एकदम काळा होत असेल, तर संशय विजेवर किंवा उष्णतेवर.

याची नोंद विंडोज स्वतःच ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम बघा. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी कम्प्युटर नीट बंद झाला नाही. कामाचा आकडा तिच्या डिटेल्समध्ये असतो. बगचेककोड, म्हणजे निळ्या पडद्याचा क्रमांक, ० असेल आणि तुम्ही बटण दाबून बंद केला नसेल, तर बहुतेक वेळा निळा पडदा दाखवायलाही विंडोजला सवड मिळालेली नसते. या नोंदींच्या वेळा वहीत उतरवा. रब्बीच्या ओलितात त्याच डीपीवरच्या (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) पंपाच्या मोटारी ज्या वेळी सुरू होतात, त्या वेळांशी त्या जुळतात का?

मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाईन लांबची, तारा बारीक, म्हणून व्होल्टेज बसतं. पंखा फिरत राहतो, कारण पात्यांना गती असते. एलईडी बल्बही तग धरतो. मग कम्प्युटरच का मरतो?

उत्तर एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिची लाट दर १० मिलिसेकंदांनी एकदा शिखर गाठते. २३० व्होल्टच्या विजेचं शिखर असतं ३२५ व्होल्टचं. साध्या एसएमपीएसमधले मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, त्या शिखरावर भरतात आणि पुढच्या शिखरापर्यंत साठ्यावर दिवस काढतात. रांजण भरून ठेवावा तसं. पण हा साठा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. समजा कपॅसिटरमधलं व्होल्टेज २०० च्या खाली गेलं की सर्किट चालत नाही. मग वापरता येणारा साठा ३२५ चा वर्ग वजा २०० चा वर्ग, म्हणजे ६५,६२५ भाग. आता लाईन १७० वर आली की शिखर २४० चं होतं आणि हातात उरतात १७,६०० भाग. व्होल्टेज चौथाईने घटलं, साठा मात्र चौथाईच उरला! पूर्ण लोडवर १६ मिलिसेकंद टिकणारा एसएमपीएस आता ४ टिकतो. नुसतं टायपिंग चालू असेल तर लोड कमी, म्हणून निभावतं. पोराने गेम लावला की पुढचं शिखर यायच्या आत रांजण रिकामा. आणि मोटारीच्या धक्क्याने लाईन १४१ च्याही खाली गेली, तर शिखरच २०० ला पोहोचत नाही, भरायचं काय?

मल्टिमीटरवर हा धक्का सहसा दिसत नाही, कारण मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधून किंवा ‘पीसी बूस्टर’सारखं सॉफ्टवेअर टाकून १७० चे २३० होत नाहीत. रिलेचा स्टॅबिलायझरही टॅप (आतली जोडणी) बदलताना काही मिलिसेकंदांचा खंड पाडतो. नवा एसएमपीएस घेताना लेबल वाचा: इनपुट १००–२४० लिहिलेला, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा घ्या. त्यात आधी व्होल्टेज चढवून ३८० च्या आसपास नेतात, मग कपॅसिटर भरतात. घरच्या इन्व्हर्टरवर कम्प्युटर असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’कडे करा, बॅटरी जास्त वेळा लागेल, पण लाईनवरून बॅटरीवर अदलाबदल लवकर होईल. जुना एसएमपीएस उघडून बघू नका. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्ट राहू शकतात.

वेळा मोटारीशी जुळत नसून मे महिन्याच्या दुपारशी जुळत असतील, तर कॅबिनेटचं झाकण काढा. ज्या घरात कापूस साठवलेला असतो, तिथे हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत रुईची गादीच बसलेली सापडते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. मदरबोर्डवरचे नळकांडीसारखे कपॅसिटर वरून फुगलेत का तेही बघा. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

निळाच पडदा येत असेल तर रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी कडा खोडरबरने हलक्या घासा, एकेक पट्टी लावून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी गेली समजा. फक्त तेवढी रात्र लाईन टिकली पाहिजे.